दोन २२२

मंडळी, आज फळ्यावर एकच आकडा लिहितो. २२२.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात हा आकडा दोनदा येतो. एकदा संघाच्या नावापुढे, एकदा एका खेळाडूच्या. पहिला २२२ शंभराहून अधिक वर्षं विक्रमांच्या यादीत ठाण मांडून बसलाय. दुसरा २२२ हजारो माणसांनी डोळ्यांनी पाहिला, पण त्याला यादीत जागा मिळाली नाही. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं. त्यामुळे खेळ पाहताना माझी नजर चेंडूपेक्षा वहीकडे जास्त जाते, आणि आजचं बोलणंही त्या वहीबद्दलच आहे.

फुटबॉल म्हणजे इथे पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू, अंगावर चिलखतासारखे पॅड, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, तो खेळ. दहा यार्ड सरकलात की ‘फर्स्ट डाउन’, म्हणजे पुन्हा चार प्रयत्न. एवढं माहीत असलं की पुरे.

पहिला २२२. तारीख ७ ऑक्टोबर १९१६, गाव अटलांटा. जॉर्जिया टेक विरुद्ध कंबरलंड. निकाल २२२ - ०. हो, शून्य. मध्यंतरालाच १२६ झाले होते. गंमत अशी की त्या सामन्यात दोन्ही संघांपैकी कोणालाही एकदासुद्धा ‘फर्स्ट डाउन’ मिळालं नाही. कंबरलंडला दहा यार्ड सरकणं जमलंच नाही, आणि टेकला त्याची गरज पडली नाही. चार प्रयत्न संपायच्या आतच त्यांचा माणूस चेंडू घेऊन पलीकडे पोचलेला असायचा.

आता कंबरलंड हे टेनेसीतल्या लेबनन गावचं छोटं कॉलेज. त्यांनी त्या वर्षी फुटबॉलचा संघ बंदच केला होता. पण सामन्याचा करार आधी झालेला, आणि न आल्यास तीन हजार डॉलर दंड. १९१६ सालचे तीन हजार. तेव्हा मिळतील ती पोरं गोळा करून गाडीत बसवली आणि नेली. एक किस्सा तिकडे अजून सांगतात. कंबरलंडच्या एका पोराच्या हातून चेंडू सुटला आणि गडगडत दुसऱ्यापाशी गेला. समोरून टेकचे धिप्पाड गडी येताहेत. पहिला ओरडला, ‘उचल तो!’ दुसरा म्हणाला, ‘तू टाकलास, तू उचल.’ खरं-खोटं देव जाणे, पण २२२ - ० चा सामना आतून कसा दिसत असेल ते या किश्श्यातून जास्त कळतं.

टेकचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलंडने टेकला २२ - ० असं धुतलं होतं, आणि कंबरलंडने पैसे देऊन बाहेरचे खेळाडू आणले असा हाइझमनचा समज होता. म्हणजे उट्टं काढायचं होतं. शिवाय तेव्हाचे वार्ताहर कोणी एकूण किती गुण केले यावरून संघांची प्रतवारी लावत, आणि त्याला त्याचा राग होता. नुसती गुणांची बेरीज किती पोकळ असते हे एकदा दाखवून द्यावं, असंही त्याच्या डोक्यात होतं म्हणतात. तसं असेल तर नियतीने त्याची चांगलीच थट्टा केली. पोकळपणा दाखवायला केलेली बेरीजच विक्रम म्हणून अजरामर झाली.

इथे आपल्या पुण्यातला एक सामना आठवल्यावाचून राहत नाही. डिसेंबर १९४८. महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावांवर. आणि काठियावाडच्या कर्णधाराने खेळायचंच नाकारलं, संघ घेऊन निघून गेला. काठियावाडला जाण्याची मुभा होती, कंबरलंडला नव्हती. म्हणून एक विक्रम झाला आणि एक राहिला. मैदानावरच्या कर्तबगारीचा यात वाटा किती आणि कराराच्या कागदाचा किती, तुम्हीच ठरवा.

आता वहीकडे येऊ. माझी मुलगी अमेरिकेत असते. जावई मला एकदा कॉलेजच्या सामन्याला घेऊन गेले. मी खिशात छोटी वही ठेवली होती, क्रिकेटचा स्कोअर लिहितो तसा लिहीन म्हणून. पहिल्या दहा मिनिटांत माझी त्रेधा उडाली. क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या गड्याने, चेंडू तीन यार्डांवर फेकला. पकडणारा तिथून चाळीस यार्ड धावला. मी लिहिलं, फेक तीन, धाव चाळीस. जावई म्हणाले, ‘बाबा, नाही. सगळे त्रेचाळीस फेकणाऱ्याच्या खात्यावर.’ पुढे तोच क्वार्टरबॅक स्वतः बारा यार्ड धावला. ते धावेच्या खात्यात. त्यानंतर तो फेकायला मागे सरला आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्याला नऊ यार्ड मागेच आडवा केला. याला ‘सॅक’ म्हणतात. मी ते नऊ फेकीच्या खात्यातून वजा करायला निघालो. पुन्हा चूक! कॉलेजात सॅकचे यार्ड धावेतून वजा होतात. माणूस धावत नव्हता, फेकायला उभा होता, तरी तोटा धावेच्या खात्यावर. व्यावसायिक एनएफएलमध्ये हेच यार्ड संघाच्या फेकीतून वजा करतात. म्हणजे तोच क्वार्टरबॅक, तीच बारा यार्डांची धाव, तीच पडझड. कॉलेजच्या वहीत त्याची धाव तीन यार्ड, एनएफएलच्या वहीत बारा.

मी वही मिटली आणि खारे शेंगदाणे खाल्ले.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात बसली. विक्रम मैदानात होत असेल, पण तो ठरतो वहीत. कुठला यार्ड कुणाच्या नावे मांडायचा, कुठला मांडायचाच नाही, हे आधी कुणीतरी ठरवलेलं असतं.

म्हणून दुसरा २२२. साल १९८८. ओक्लाहोमा स्टेटचा बॅरी सँडर्स. उंची पाच फूट आठ इंच, त्या खेळाच्या मानाने बुटकाच. आदल्या वर्षी तो थर्मन थॉमसच्या मागे, राखीव. थॉमस गेला आणि सँडर्सला पूर्ण हंगाम मिळाला. अकरा सामने, ३४४ वेळा चेंडू हातात घेऊन धाव, २,६२८ यार्ड. सामन्यामागे जवळजवळ २३९. चार सामन्यांत तीनशेच्या वर. त्याआधीचा हंगामाचा विक्रम मार्कस ॲलनचा, १९८१ मधला, २,३४२. सँडर्सने तो पावणेतीनशेहून जास्त यार्डांनी मागे टाकला. विक्रम असे मोडत नाहीत हो! पाच-दहाने मोडतात, घासाघीस करून. हा एकदम जिना चढून गच्चीवर गेला.

हंगामातला शेवटचा सामना टोकियोत होता. तिथेही ३३२. त्याच सुमारास बातमी आली की त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा चषक त्यालाच. चषकाचं नाव? हाइझमन ट्रॉफी. हो, तोच तो, पहिल्या २२२ वाला.

मग डिसेंबरअखेर सॅन डिएगोत हॉलिडे बोल. हंगाम संपल्यावर निवडक संघांना बोलावून जे मोठे सामने होतात त्यांना बोल म्हणतात. कटोऱ्याच्या आकाराच्या स्टेडियमांवरून पडलेलं नाव. वायोमिंगविरुद्ध ओक्लाहोमा स्टेट ६२ - १४ जिंकली, आणि सँडर्सचे धावेचे यार्ड होते २२२, टचडाउन, म्हणजे चेंडू पार पलीकडच्या टोकाला पोचवणं, पाच.

हे २२२ हिशेबात नाहीत. कारण तेव्हा एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था, बोल सामन्यांचे आकडे हंगामाच्या बेरजेत धरत नव्हती. बोल म्हणजे हंगामानंतरचं बक्षीस, जत्रा, असा दृष्टिकोन. धरले असते तर बेरीज २,८५० झाली असती. नियम बदलला २००२ च्या हंगामापासून. बोल धरायला लागले, पण मागच्या वह्या उघडल्या नाहीत. नवे ते नव्या नियमाने, जुने ते जुन्या. गणिताच्या शिक्षकाला हे ऐकून घाम फुटतो. एकाच रकान्यात काही ओळी चक्रवाढ व्याजाच्या आणि काही सरळ व्याजाच्या, आणि वर लिहायचं ‘सर्वाधिक’.

याचा सगळ्यात जास्त चटका बसला तो रॉन डेनला. विस्कॉन्सिनचा आडदांड गडी. १९९६ ते १९९९ अशी चार वर्षं, अधिकृत कारकीर्द ६,३९७ यार्ड. त्याशिवाय चार बोल सामने, त्यांत ७२८ यार्ड. एकूण ७,१२५. पुढे २०१६ च्या डिसेंबरात सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पंफ्रीने लास व्हेगास बोलमध्ये डेनला मागे टाकलं. त्याची बेरीज ६,४०५. आठ यार्डांनी! पंफ्रीचे बोल धरलेले, डेनचे नाहीत. ज्या सामन्यात विक्रम मोडला तो सामनाच बोल होता, म्हणजे डेनच्या काळात असता तर वहीत शिरलाच नसता. यात पंफ्रीचा दोष काडीचाही नाही, तो समोर आलेले सामने खेळला. पण अधिकृत यादीत ६,४०५ वर आणि प्रत्यक्ष ७,१२५ धावलेला माणूस त्याच्या खाली, हे चित्र काही केल्या सरळ होत नाही.

आणि १९८८ सालचाच आणखी एक. अलाबामाचा डेरिक थॉमस. त्याचं काम प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला आडवं करणं. त्या एका हंगामात २७ सॅक. पण एनसीएएने सॅक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली २०००मध्ये. त्यामुळे यादीत पहिलं नाव ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जचं, २००२ मधले २४. सत्तावीस हे चोवीसपेक्षा जास्त असतात, हे पहिलीतलं पोरही सांगेल. यादी सांगत नाही.

संघांच्या विक्रमात ही भानगड वेगळ्या वाटेने येते. ओक्लाहोमाचे १९५३ ते १९५७ मधले सलग ४७ विजय, प्रशिक्षक बड विल्किन्सन. त्याबद्दल वाद नाही. नोत्र देमने नोव्हेंबर १९५७ मध्ये ७ - ० ने ती साखळी तोडली, तीही ओक्लाहोमाच्या घरच्या मैदानावर. उलट टोकाला प्रेअरी व्ह्यू, ओळीने ८० पराभव, १९८९ ते १९९८. शेवटी लँगस्टनला १४ - १२ ने हरवलं. खरं सांगू, मला ४७ विजयांपेक्षा हे ८० जास्त मोठे वाटतात. ऐंशी वेळा हरूनही एक्क्याऐंशीव्या शनिवारी बूट बांधायचे म्हणजे काय!

पण काही विजय नंतर पुसले जातात. नियम मोडल्याचं सिद्ध झालं की एनसीएए विजय ‘रद्द’ करते. सदर्न कॅलिफोर्नियाने जानेवारी २००५ मध्ये ऑरेंज बोलमध्ये ओक्लाहोमाला ५५ - १९ ने हरवलं, पुढे तो विजय रद्द झाला. मग ओक्लाहोमा जिंकली का? नाही. तिचा पराभव तसाच. एक संघ हरला आणि कुणीच जिंकलं नाही. पेन स्टेटच्या जो पटर्नोचे २०१२ मध्ये १११ विजय काढले, ४०९ चे २९८ झाले, आणि २०१५ मध्ये पुन्हा ४०९. त्यामागचं प्रकरण लहान मुलांवरच्या अत्याचारांचं, भयंकर होतं, आणि माझ्या मते आकडे खोडून आणि परत लिहून त्या मुलांचा काडीचाही हिशेब चुकता झाला नाही.

आता ताजी गोष्ट. २०२४, बॉइझी स्टेटचा ॲश्टन जेंटी. नियमित बारा सामन्यांत २,२८८, लीगच्या अंतिम सामन्यात २०९. वर्षाच्या शेवटच्या दिवशी फिएस्टा बोलला उतरला तेव्हा खात्यावर २,४९७. सँडर्सला मागे टाकायला १३२ हवे. पेन स्टेटने त्याला १०४ वर रोखलं. २,६०१. अठ्ठावीस यार्ड कमी पडले, चौदा सामने खेळून. जावयांनी फोनवर विचारलं, ‘बाबा, मोडला असता तर मानला असतात का?’ मी म्हटलं, मानला असता, शेजारी बारीक अक्षरात सामन्यांची संख्या लिहून. पोरगं जबरदस्त खेळलं. त्याच्यासाठी वाईटही वाटलं. आणि आतून थोडं बरंही वाटलं, हे लपवत नाही.

आणि सँडर्स स्वतः? १९८९ मध्ये तो व्यावसायिक खेळात गेला, डेट्रॉइट लायन्सकडे. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात कळलं की आणखी अकरा यार्ड धावला तर लीगमधला पहिला नंबर त्याचा. १,४७० त्याचे, १,४८० ख्रिश्चन ओकोयेचे. सामना खिशात होता. प्रशिक्षकाने विचारलं, जातोस का परत? तो नाही म्हणाला आणि बाकावर बसून राहिला. दहा वर्षांनी, १९९९ च्या जुलैत, वॉल्टर पेटनच्या १६,७२६ यार्डांच्या कारकिर्दीच्या विक्रमाला अवघे १,४५७ कमी असताना, एवढे तो एका हंगामात सहज धावायचा, त्याने आपल्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला एक फॅक्स पाठवला. निवृत्त होत असल्याचा.