नामाटजिराची जमीन

(मेलबर्नमधल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आधी एक कबुली देऊन टाकतो. आज ज्याच्याविषयी बोलायचंय त्याचं चित्र मी पहिल्यांदा विकत घेतलं ते चौकटीसाठी. एका ऑप-शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, चांगली लाकडी फ्रेम दिसली, पाच डॉलरला. आतला फिकट झालेला छापील देखावा काढायचा आणि तिथं आईदादांचा फोटो लावायचा, असा बेत. घरी आलो, काच पुसली आणि बेत तिथंच राहिला. समोर एक झाड होतं. त्याचं खोड इतकं पांढरं, की आधी वाटलं छपाईच उडालीय. मागे जांभळा डोंगर, खाली सही. अल्बर्ट नामाटजिरा, या देशातला आदिवासी चित्रकार.

तुमच्यात जलरंगात काम करणारे कुणी असतील तर त्यांना हे नव्यानं सांगायला नको. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद राखायचा असतो. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, टाकताना, गवताचा पिवळा ओढताना, डोंगराची सावली भरताना एका जागी हातच लावायचा नाही. तिथं काय उभं राहणार हे आधीपासून डोक्यात पक्कं लागतं, कारण एकदा ओल गेली की गेली. मध्य ऑस्ट्रेलियातलं घोस्ट गम हे झाड त्यानं पुन्हा पुन्हा काढलं, आणि त्याचं खोड म्हणजे पुष्कळदा असा राखलेला कागद. जांभळ्या डोंगरांबद्दल मात्र मला शंका होती. पर्यटकांसाठी रंग भडक केले असणार, असं मी धरून चाललो होतो. मग आम्ही सहकुटुंब ॲलिस स्प्रिंग्जला गेलो आणि संध्याकाळी माउंट सॉन्डर पाहिला. उलट त्यानं जरा हात राखूनच रंग वापरलेत, असं वाटायला लागलं.

हा माणूस 1902 साली हर्मन्सबर्गला जन्मला. ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला सव्वाशेएक किलोमीटरवर, फिंक नदीच्या काठी, जर्मन लुथरन मिशनऱ्यांनी 1877 मध्ये वसवलेली ही वस्ती. नदी म्हटलं तरी वर्षातला बराच काळ नुसती वाळू. आई-वडील पश्चिम अरंडा या आदिवासी लोकांतले. मुलाचं नाव एलेआ. आई-वडिलांनी ख्रिस्ती धर्म घेतल्यावर त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो अल्बर्ट झाला. शाळा मिशनची. पण तेराव्या वर्षी तो रानात गेला आणि अरंडा रीतीप्रमाणे त्याची प्रौढ होण्याची दीक्षा झाली. पुढे अठराव्या वर्षी त्यानं रुबिनाशी लग्न केलं. नात्याच्या नियमात न बसणारं हे लग्न होतं, त्यामुळे दोघांना काही वर्षं मिशनबाहेर काढावी लागली. आपल्याकडे सगोत्र लग्नावरून काय काय झालंय ते आठवा, म्हणजे कल्पना येईल.

चित्रकार होण्याआधी त्यानं उंट हाकले, गुरं राखली, सुतारकाम केलं, मुल्गा नावाच्या झाडाच्या लाकडी फळ्यांवर तापल्या सळईनं नक्षी डागून त्या विकल्या. याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. 1920च्या दशकाच्या अखेरीस मिशनवर भयंकर दुष्काळ पडला. ताजं अन्न नाही, स्कर्व्हीनं मुलं दगावली. काही मैलांवर कापोरिल्या नावाचा झरा होता, पण तिथून नळ आणायला पैसा कुठला? आपल्या या मेलबर्नमधल्या व्हायोलेट आणि ऊना टीग या बहिणी 1933 मध्ये तिथं जाऊन आल्या. व्हायोलेट स्वतः चित्रकार. त्यांनी परत येऊन चित्रकारांकडून चित्रं गोळा केली, त्यांचं प्रदर्शन भरवलं, पैसा उभा केला आणि 1935 मध्ये झऱ्याचं पाणी मिशनवर आलं. चित्रातून पैसा निघतो, पैशातून पाणी निघतं, हे त्या वस्तीनं डोळ्यांनी पाहिलं.

मधल्या 1934 साली रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर या दोघांनी मिशनवर आपल्या जलरंगांचं प्रदर्शन मांडलं. बॅटरबी पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेला माणूस. ती चित्रं पाहून अल्बर्टला वाटलं, हे आपल्यालाही जमेल. 1936 मध्ये बॅटरबी परत आला तेव्हा रोखठोक सौदा झाला: मी तुमचे उंट सांभाळतो, तुम्हाला जागा दाखवतो, तुम्ही मला रंग शिकवा. सगळं शिक्षण ते एवढंच, साधारण दोन महिन्यांचं. जे. जे.च्या चार-पाच वर्षांशी तुलना करू नका, उगीच त्रास होईल. 1937 मध्ये ॲडलेडला बॅटरबीनं आपल्या चित्रांबरोबर त्याची तीन चित्रं लावली. 1938 मध्ये मेलबर्नला त्याचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. 41 चित्रं, तीन दिवसांत सगळी खपली. पुढल्याच वर्षी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारी कलादालनानं एक विकत घेतलं.

इथून पुढची कीर्ती मी भराभर सांगतो, कारण ती सगळीकडे लिहिलेली आहे. 1944 मध्ये देशातल्या मान्यवरांच्या कोशात नाव, आदिवासींमध्ये पहिलंच. त्याच्यावर चित्रपट. 1953 मध्ये राणीच्या राज्याभिषेकाचं पदक आणि पुढल्या वर्षी कॅनबेरात प्रत्यक्ष राणीची भेट. 1956 मध्ये विल्यम डार्गीनं केलेल्या त्याच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड हे व्यक्तिचित्रांसाठीचं नामांकित पारितोषिक. छापील प्रती घरोघरी दिवाणखान्यात.

टीकाकार मात्र नाक मुरडत होते. म्हणत, देखणं आहे, पण हे गोऱ्यांच्या चित्रकलेचं अनुकरण. आदिवासी असून आदिवासींसारखं काढत नाही. गंमत बघा, गोऱ्या चित्रकारानं तोच डोंगर तसाच काढला तर तो निसर्गचित्रकार, यानं काढला की नक्कल. मला हे म्हणणं मुळीच पटत नाही. अरंडा माणसाच्या लेखी डोंगर, घळ, पाणवठा यांतलं काहीही नुसता देखावा नसतो. तिथं पूर्वजांनी काहीतरी केलेलं असतं आणि त्या जागेची जबाबदारी कुणावर तरी असते, घरातल्या वडीलधाऱ्यांची असावी तशी. बॅटरबीनं त्याला रंग दाखवले. जागा दाखवणारा अल्बर्ट होता. बॅटरबी फिरून निघून जाणारा, हा तिथलाच. त्याच्या चित्रांत माणसं बहुतेक नसतात, पण झाड असं समोर येऊन उभं राहतं की ते कुणाचं तरी आहे हे कळतं.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिथं येतो. आयुष्यभर ज्या जमिनीची चित्रं काढली, ती कायद्यानं त्याची नव्हती. चित्रांच्या कमाईवर सरकार त्याच्याकडून आयकर घेत होतं. त्यानं गुरं पाळायला चराऊ रानाचा परवाना मागितला, 1949-50 च्या सुमारास. नाकारला. 1951 मध्ये ॲलिस स्प्रिंग्जमध्ये घर बांधायचं ठरवलं. तेही अडवलं, कारण आदिवासींनी रात्री गावात थांबायला बंदी होती. पुढे राणीला भेटून आलेला हा माणूस गावाबाहेर मॉरिस सोक नावाच्या तळावर झोपडीवजा आडोशात राहत होता.

1957 मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे ॲलिस स्प्रिंग्ज ज्या प्रदेशात आहे तिथं, नव्या कायद्याखाली एक नोंदवही प्रसिद्ध झाली. वहीत हजारो आदिवासींची नावं. ज्याचं नाव वहीत, तो सरकारच्या पालकत्वाखाली: मत नाही, दारू नाही, मर्जीनं घर नाही. लोक तिला कुत्सितपणे जनावरांच्या वंशावळीची वही म्हणत. त्या वहीतून बोटांवर मोजण्याइतकी नावं वगळली गेली, त्यांत अल्बर्ट आणि रुबिना. वगळलं म्हणजे नागरिक झाले. त्यांच्या थोरल्या मुलांची, नातलगांची नावं मात्र वहीतच राहिली.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी या देशाचं नागरिकत्व घेतलंय. कौन्सिलच्या सभागृहात शपथ घेतली, प्रमाणपत्र आणि एक देशी रोपटं घेऊन घरी आलो, फोटो काढले, संध्याकाळी श्रीखंड-पुरी. मीही त्यातलाच. म्हणून ही गोष्ट वाचताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. आपण विमानानं आलो आणि चार-पाच वर्षांत नागरिक झालो. याच्या जन्माला जवळजवळ 55 वर्षं झाल्यावर याला नागरिकत्व मिळालं, तेही बायकोसकट मोजक्यांनाच, बक्षीस दिल्यासारखं. आणि त्या बक्षिसानंच त्याला खाल्लं.

अरंडा रीत अशी की जे आहे ते नात्यात वाटायचं. न वाटणारा माणूस नीच. पैसा आला तर सगळ्यांचा, मोटार आली तर सगळ्यांची. मग बाटली? बाटली तो कायदेशीर विकत घेऊ शकत होता. पण शेजारी बसलेल्या चुलतभावाला त्यातलं दिलं तर गुन्हा, कारण भावाचं नाव वहीत. 1958 मध्ये मॉरिस सोकवर एका स्त्रीचा खून झाला, चौकशी सुरू झाली आणि अल्बर्टवर खटला उभा राहिला तो दारू पुरवल्याचा. शिक्षा सहा महिने सक्तमजुरी. देशभर ओरड झाली. अपिलात तीन महिन्यांवर आली, त्यापुढे हायकोर्टानं, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयानं, दाद दिली नाही. मंत्री पॉल हॅस्लक यांनी मध्ये पडून तुरुंगाऐवजी पापुन्या या आदिवासींच्या वस्तीवर त्याला ठेवण्याची सोय केली. 1959 च्या मार्चपासून मेपर्यंत, दोन महिने. बाहेर आला तो मोडून. शेवटच्या आजारात त्यानं बॅटरबीला तीन चित्रं दिली. 8 ऑगस्ट 1959 ला ॲलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयात हृदयविकार आणि न्यूमोनियानं गेला. वय 57.

या पापुन्याला बारा वर्षांनी, 1971 मध्ये, ठिपक्यांच्या चित्रांची ती चळवळ सुरू झाली जिच्यासाठी जगभरचे संग्राहक आज पैसे मोजतात. टीकाकारांना हवी होती तशी, 'आदिवासींसारखी' चित्रं. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं.

माझ्या पाच डॉलरच्या देखाव्याचं राहिलंच. अल्बर्टनं 1957 मध्ये सिडनीच्या एका प्रकाशकाशी छापील प्रतींचा करार केला होता. तो गेल्यावर हक्काचा कारभार सरकारी विश्वस्ताकडे आला आणि त्यानं 1983 मध्ये सगळा कॉपीराइट त्याच प्रकाशकाला साडेआठ हजार डॉलरला विकून टाकला. सुमारे दोन हजार चित्रांचा. त्यानंतर कुटुंबाला एक पैसा मिळत नव्हता. वर्षानुवर्षं भांडण चाललं. शेवटी उद्योजक डिक स्मिथ मध्ये पडले. त्यांचे वडील त्या प्रकाशकाकडे नोकरीला होते, त्यामुळे दार ठोठावता आलं. 2017 मध्ये कॉपीराइट कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे परत आला. व्यवहाराची किंमत एक डॉलर.

2020 मध्ये आर्चिबाल्ड पारितोषिक व्हिन्सेंट नामाटजिराला मिळालं, अल्बर्टच्या पणतूला. पहिल्यांदाच एका आदिवासी चित्रकाराला. त्याच्या चित्रांत डोंगर कमी आणि माणसं जास्त असतात, राणी, पंतप्रधान, पणजोबा, मध्येच तो स्वतः, आणि सगळ्यांकडे जरा मिस्कीलपणे पाहिलेलं. ॲलिस स्प्रिंग्जला गेलात तर इल्चा न्चारा हे कलाकेंद्र बघा. हर्मन्सबर्गच्या परंपरेतले जलरंग करणारे चित्रकार अजून तिथं काम करतात. अल्बर्टमुळे प्रसिद्ध झालेली घोस्ट गमची जोडी बघायला मात्र जाऊ नका. ती दोन्ही झाडं जानेवारी 2013 मध्ये जळाली. माझ्या भिंतीवर जे आहे ते यांतलंच एक की दुसरंच कुठलं, यावर आमच्या घरी अजून वाद आहे. आईदादांच्या फोटोसाठी दुसरी फ्रेम आणली.