बशी उलटी करून बघा

बशी हातात आली की लोक आधी तिच्यावरची फुलं बघतात. मी ती आधी उलटी करते. एका घरी पानं वाढायच्या आतच मी प्लेट उलटी केली, तर यजमानीणबाईंना वाटलं माझा उपास आहे.

सगळी गंमत तळावरच्या शिक्क्यात असते. आमच्या आईचा डिनर सेट नोरिताकेचा. जपानमधली ही कंपनी १९०४ साली नागोयाजवळच्या नोरिताके गावात सुरू झाली, पण पहिला पूर्ण डिनर सेट तिच्याकडून निघायला १९१४ उजाडलं. कप, बश्या जमत होत्या. घोडं अडलं होतं पंचवीस सेंटिमीटरच्या मोठ्या प्लेटपाशी. एवढी थाळी भट्टीतून सपाट बाहेर पडेना. पुढे दुसरं महायुद्ध संपलं, माल पूर्वीसारखा उतरेना, तेव्हा कंपनीने शिक्क्यातून स्वतःचं नावच काढलं आणि भांडी 'रोज चायना' म्हणून विकली. दर्जा सुधारल्यावर नाव परत आलं. मला हे फार आवडतं. एरवी माल घसरला की नावाची अक्षरं मोठी होतात!

शिक्क्यावर 'निप्पॉन', म्हणजे जपानचं जपानी नाव, असेल तर भांडं बहुधा १९२१ च्या आधीचं, कारण त्यानंतर अमेरिकी जकातवाल्यांनी 'जपान' असंच लिहायला लावलं. 'ऑक्युपाइड जपान', म्हणजे युद्धानंतर परक्या ताब्यात असलेला जपान, असं दिसलं तर १९४७ ते १९५२ मधलं.

आता अडचणीकडे येते. कंपनीने एखादी नक्षी काढणं बंद केलं की फुटलेला कप कायमचा गेला. आणि आधी फुटतो तो कपच. कान त्याला, उचलाउचल त्याची. म्हणून प्रत्येक जुन्या घरात बश्या जास्त आणि कप कमी. आईकडे बारा बश्या उरल्या होत्या आणि कप सात. मी मुंबईत चोर बाजारात मटण स्ट्रीट पालथा घातला. नक्षी सापडली, पण सूपच्या वाडग्यावर. शेवटी न्यू जर्सीतल्या भाचीने कप मिळवला. अमेरिकेत ग्रीन्सबरोला १९८१ पासून एक कंपनी हाच धंदा करते, बंद पडलेल्या नक्ष्यांची सुटी भांडी पुरवण्याचा. कपापेक्षा टपालखर्च जास्त झाला. आईला आकडा अजून सांगितलेला नाही.

विकत घेताना कप बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारा. टण्ण वाजला तर साबूत, ठक्क वाजला तर कुठेतरी तडा गेलेला आहे. काठावरून बोट फिरवा, डोळ्यांना न दिसलेला टवका बोटाला लागतो.

आणि वापरा, पण भांड्याची जात ओळखून. पोर्सिलेन खूप वर तापवून भाजलेलं असतं, त्यात पाणी शिरत नाही. इंग्लंडची जुनी निळी-पांढरी ताटं बरेचदा साध्या, सच्छिद्र मातीची असतात. त्यांच्या चकाकीवर केसासारख्या चिरा पडल्या की आमटीची हळद थेट आत. माझ्या एका प्लेटवर असा पिवळा नकाशा उमटलाय, घासून घासून हात दुखले तरी जात नाही. त्यात आता मी फक्त पोळ्या ठेवते. सोनेरी काठाचं भांडं मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात. काथ्या लावू नका, वर्ख निघून जातो. जुन्या भडक रंगांत आणि चकाकीत शिसं असू शकतं, म्हणून लोणचं किंवा लिंबू पिळलेली कोशिंबीर त्यात मुरत ठेवायची नाही. असलं भांडं भिंतीवर बरं.

आईचा सेट चाळीस वर्षं काचेच्या कपाटात होता. आता रविवारी निघतो. अमेरिकेहून आलेला कप बाकीच्यांपेक्षा किंचित पांढरा आहे, आणि नातवंडांची भांडणं नेमकी त्याच्यावरून होतात.

एक बशी सोबत आणली आहे. पहिल्या रांगेपासून मागे फिरवा. उलटी करून बघा, मात्र दोन्ही हातांनी धरा.