पाठ दिसली, पण तोंड कुठंय?

हिवाळ्यात मोहरीच्या नाहीतर कोथिंबिरीच्या फुलांवर पिवळी-काळी पट्टेवाली एक माशी हवेत एकाच जागी थांबलेली दिसते, आणि माणूस आधी हात मागे घेतो, गांधीलमाशी समजून. पण हिला डंखच नाहीये, नुसतं सोंग घेतलंय. ही हॉवरफ्लाय. जगभरात हिच्या ६ हजारांहून जास्त प्रजाती आहेत, आणि आपण मोबाईलवर एक फोटो काढून विचारतो, "ही कुठली?"

थांबा जरा, आधी ही हॉवरफ्लाय आहे का तेच बघू. फोटो झूम करा आणि पंखावर या. मधोमध एक शिरेसारखी रेष दिसतेय? ती दुसऱ्या कुठल्याच शिरेला धड जोडलेली नाही, नुसती घडी आहे, खोटी शीर म्हणा. ही दिसली की बहुतेक काम झालं. हे बघायचं कारण म्हणजे फुलांवर येणाऱ्या, डोळ्यांवर पट्टे असलेल्या दुसऱ्याही माश्या असतात, स्टोमोऱ्हायना वगैरे, आणि लोक त्या बिनधास्त हॉवरफ्लाय म्हणून टाकतात.

आता पोट. ही बघा एपिसिर्फस बॅल्टियाटस, तिसऱ्या आणि चौथ्या खंडावर एक जाड काळा पट्टा आणि त्याच्या वर एक बारीक, मिशीसारखा. हा डबल पट्टा आला की ही माशी ओळखलीच, फोटोवरून इतकी सोपी दुसरी मिळणं अवघड! फक्त रंगावर जाऊ नका, कोशातली माशी थंडीत वाढली तर काळेपणा जास्त येतो, उन्हाळ्यात तीच माशी बरीच पिवळी असते.

इश्किओडॉन ही दुसरी हॉवरफ्लायही आपल्याकडे मावा पडलेल्या पिकांच्या आसपास दिसते, कारण तिच्या अळ्या मावाच खातात. हिच्या नराच्या मागच्या पायाच्या अगदी बुडाशी एक बारीक काटा असतो. वरून काढलेल्या फोटोत तो दिसायचा कसा? बाजूनेच काढायला लागतो, तेही माशी थोडी वाकडी बसली तर. नर कसा ओळखायचा, तर डोळे बघा, बहुतेक प्रजातींत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटतात आणि मादीच्या डोळ्यांमध्ये फट राहते.

डोळ्यांवर ठिपकेच ठिपके असतील तर एरिस्टॅलिनस या हॉवरफ्लायच्या बाजूने विचार करा, आणि पंखाची तिसरी लांब शीर मध्येच खाली झोल घेते का तेही बघा, त्या गटाची ती खूणच आहे. इथपर्यंत मस्त. पण पुढे प्रजाती ठरवायला छातीवरचे पट्टे, पायाचा रंग, चेहऱ्यावरची लव, सगळं लागतं, आणि आपल्याकडे असतो फक्त पाठीचा एक ब्लर फोटो.

काहींच्या बाबतीत तर कितीही भारी कॅमेरा असला तरी उपयोग नाही. पॅरागस ही इवलीशी, पाच-सहा मिलिमीटरची, एकदांडीच्या फुलावर असते आणि लक्षातही येत नाही, तिच्या बऱ्याच प्रजाती नराचे जननावयव मायक्रोस्कोपखाली बघूनच ठरतात. स्फेरोफोरियाच्या माद्यांचंही तेच. तिथे नुसतं पॅरागस, स्फेरोफोरिया एवढं वंशाचं नाव लिहायचं, आणि फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपने पूर्ण नाव सुचवलं म्हणून टिचकी मारायची नाही, ते मला तर फार खटकतं.

फोटो काढायला सकाळी लवकर जा, ऊन तापायच्या आधी त्या सुस्त असतात. वरून एक, बाजूने एक, समोरून चेहरा, पंख पसरलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं. शिवाय तारीख, जागा, कुठल्या झाडावर होती ते लिहा. आणि आयनॅचरलिस्टवर, म्हणजे प्राणी-वनस्पतींच्या नोंदी टाकायच्या ॲपवर, टाकताना एकाच माशीचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका हां, पाच नोंदी केल्या की पंख एकीकडे, तोंड दुसरीकडे, आणि ओळखणारा बिचारा वैतागून पुढे निघून जातो.