मी परत आल्यावर

नमस्कार श्रोतेहो. आमच्या घरी भेटल्यावर 'जय ख्रिस्त' म्हणतात, तेही आपणा सर्वांना. माझे आजोबा अहमदनगरकडून इंदूरला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी पवित्र शास्त्र, बाहेर हिंदी, सकाळी पोहे-जिलेबी, असं आमचं कुटुंब. तेव्हा बोलताना मधेच हिंदी डोकावलं तर सांभाळून घ्या.

चार वर्षांपूर्वीची नाताळच्या आदली रात्र. आमच्या मंडळीतली दहा-पंधरा माणसं दर वर्षी एका मोठ्या सरकारी दवाखान्याबाहेर कांबळी वाटायला जातात. धार, झाबुआ, खरगोनकडून आलेले पेशंटचे नातेवाईक तिथे फरशीवरच पथारी टाकतात, आणि माळव्यातली डिसेंबरची थंडी हाडांत शिरते. मी एका बाईच्या अंगावर कांबळं घालायला वाकले. तिनं ते बाजूला सारलं, पदराच्या गाठीतून एक कागद काढला आणि म्हणाली, "कंबल रेने दो बाई, ये पर्ची बाँच दो."

मी वाचली. तिच्या नवऱ्याची कसलीशी तपासणी सकाळी उपाशीपोटी व्हायची होती. त्याआधी खिडकीवर जाऊन शिक्का मारून आणायचा होता. तिनं ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग विचारलं, "सुबे आओगे?" सकाळी म्हणजे नाताळ. उपासना, पाहुणे, करंज्या. मी म्हटलं, बघते.

गेले नाही. सत्तावीस तारखेला गेले, तर त्या जागी दुसऱ्याच कुणाचं बिऱ्हाड होतं. तिचं नावसुद्धा मी विचारलेलं नव्हतं. शिक्का मिळाला का, तपासणी झाली का, मला आजतागायत ठाऊक नाही.

त्या आठवड्यात लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा काढला. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट: वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला शोमरोनी, म्हणजे परक्या जमातीचा, एक वाटसरू उचलतो. रविवारच्या शाळेत ती मी वर्षानुवर्षं शिकवलेली. मुलांना जखमेवर ओतलेलं तेल आणि द्राक्षारस आठवतो. शेवट मीही घाईघाईनं उरकायची, कारण तोवर घंटा व्हायची. शोमरोनी त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्र काढतो, दुसऱ्या दिवशी मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो, म्हणजे तेव्हाची मजुराची दोन दिवसांची कमाई, आणि सांगतो: याच्याकडे बघा, जास्त खर्च झाला तर मी परत आल्यावर देईन. परत आल्यावर! त्याला त्याची कामं आहेत, तो जन्मभर उशाशी बसून राहत नाही. पण हिशेब उघडा ठेवून जातो. माझा हिशेब कांबळं दिलं की मिटायचा.

तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी सात ते दहा मी तिथे बसते. चिठ्ठ्या वाचते, अर्ज भरते, लागलं तर रांगेत उभी राहते. बाकी काही नाही.

शेजारच्या काकूंनी एकदा स्पष्टच विचारलं, "तुम्ही लोक हे सगळं धर्मात ओढायला करता म्हणतात, खरं का हो?" मला राग आला नाही. हा प्रश्न आमच्यामागे कायम असतो, त्यांनी तोंडावर विचारला हेच बरं. मी म्हटलं, काकू, आमच्या त्या गोष्टीतला जखमी माणूस सुरुवातीपासून शेवटापर्यंत एक अक्षर बोलत नाही. तू कोण, कुठला, कोणता देव मानतोस, असं त्याला कुणी विचारतच नाही. आणि मदत करणारा शोमरोनी, जखमी बहुधा यहुदी, त्या दोघांचं तर वैर. बदल्यात काही मागितलं तर तो बाजार झाला. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या. पटलं की नाही कोण जाणे.

पंडिता रमाबाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी कितीतरी मुली आणि विधवा आपल्याबरोबर नेल्या. पोटभर जेवू घालून थांबल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. पुण्याजवळच्या केडगावला, त्यांच्या आश्रमात, त्या मुली विणकाम, शेती, छपाई शिकल्या.

पण परत जाण्याची सगळ्यात अवघड वाट आपल्या इंदुरातच कुणीतरी चालून गेलंय. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या, काम देवास जिल्ह्यात उदयनगरच्या आदिवासींमध्ये. लोक सावकाराच्या पाशातून सुटावेत म्हणून त्या झटायच्या, आणि ज्यांना ते परवडत नव्हतं त्यांच्या डोळ्यांत खुपायच्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांना भोसकून मारलं. वय 41. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 साली त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि त्या माणसाच्या मनगटावर राखी बांधली. घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी विनंती केली आणि 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी राणी मारियांना 'धन्य', म्हणजे कॅथलिक मंडळीत संतपदाच्या अलीकडची पायरी, घोषित करण्याचा सोहळा इंदुरातच झाला. याला लोक क्षमा म्हणतात, बरोबरच आहे. माझं मन मात्र त्या राखीपाशी अडकतं. राखी एकदा बांधून भागत नाही ना! पुढचा श्रावण येतोच.

मंगळवारी आता मी चिठ्ठी नुसती वाचून देत नाही. खिडकीचा आकडा ओळखायला शिकवते, शिक्का कुठे बसतो ते बोटानं दाखवते. मागच्या महिन्यात एक बाई दुसरीला तेच दाखवताना दिसली, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. मी जवळ गेले नाही.

आज इथून निघाले की चष्म्याच्या दुकानात जायचंय. नंबर वाढलाय, आणि डॉक्टरांचं अक्षर काही सुधारत नाही. नमस्कार.