माळ्यावरचा डबा

[दृश्य: लाकडी शिडी. काकू एकेक पायरी चाचपत माळ्यावर चढताहेत.]

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. चिपळूण. शिवनदीच्या काठच्या या आळीत घरोघरी अगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, लगबग सुरू आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळून झाली. मसाला दळून आला. सुके बोंबील आणि सोडे बरण्यांत गेले. कोकमं अजून गच्चीवर आहेत, त्यांना दोन उन्हं हवीत.

काकूंच्या यादीत या सगळ्याच्या खाली आणखी एक ओळ असते. पैसे. बँकेतले नव्हेत, घरातले.

[दृश्य: डबा खाली येतो. झाकणावरची चिकटपट्टी काकू नखाने सोडवतात.]

डबा साधा प्लॅस्टिकचा, रबरी कडेच्या झाकणाचा. आत दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्या. प्रत्येक पिशवीत एकेका किमतीच्या नोटा, तोंडाशी मेणबत्तीच्या आचेवर चिकटवलेल्या. हे काम काकू दर वर्षी याच दिवसांत करतात. जुन्या पिशव्या कापायच्या, नोटा मोजायच्या, दमट लागल्या तर पंख्याखाली पसरायच्या, मळलेल्या निवडून बाजारात खर्चून टाकायच्या आणि त्यांच्या जागी कोऱ्या करकरीत ठेवायच्या.

[दृश्य: जमिनीवर सतरंजी. नोटांचे ढीग. वरून घेतलेला शॉट.]

पाचशेच्या 4, दोनशेच्या 10, शंभराच्या 25, पन्नासाच्या 20, विसाच्या 30 आणि दहाच्या 40. साडेआठ हजार रुपये झाले. ढिगांच्या उंचीकडे लक्ष द्या. सगळ्यात उंच ढीग दहाचा, सगळ्यात बुटका पाचशेचा. बहुतेक घरांत याच्या बरोबर उलट असतं. अडीअडचणीला म्हणून पाचशेच्या नोटांचं बंडल कपाटात, आणि अडचण आली की चाळीस रुपयांच्या मेणबत्त्यांसाठी पाचशेची नोट पुढे करायची. दुकानदाराचा गल्ला रिकामा. मोड कोणाकडेच नाही.

काकूंनी हा हिशेब पुस्तकातून घेतलेला नाही. त्या तो 2021 साली शिकल्या.

[दृश्य: मोबाइलवरची जुनी चित्रफीत. तपकिरी पाणी, तरंगणारे सिलिंडर.]

22 जुलै 2021. सह्याद्रीच्या कड्यावर पावसाने रात्रभर उसंत घेतली नव्हती. कोयना धरणाचं पाणी पोफळीला वीज तयार करून कोळकेवाडी धरणामार्गे चिपळूणच्या वाशिष्ठी नदीत उतरतं. वरून येणारं पाणी, गाळाने उथळ झालेलं पात्र आणि दाभोळच्या खाडीतून चढणारी भरती, या तिघांमध्ये चिपळूणची बाजारपेठ सापडली. पहाटे रस्त्यावर पाणी दिसलं आणि दुपार व्हायच्या आत तळमजले गेले. कुठे कुठे पहिल्या मजल्याला पाणी लागलं. 26 जुलै 2005 चा पूर पाहिलेल्यांनी सामान त्या वेळच्या खुणेच्या वर चढवून ठेवलं होतं. पाणी त्या खुणेच्याही वर गेलं.

[दृश्य: एसटी आगाराची आजची दृश्यं. धुतलेल्या गाड्या ओळीने उभ्या.]

हे चिपळूणचं एसटी आगार. त्या दिवशी इथल्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या होत्या. आगारप्रमुखांकडे सुमारे नऊ लाखांची रोकड होती, तिकिटांचा जमा झालेला पैसा. ती सोबत घेऊन ते बसच्या टपावर चढले आणि सुटका होईपर्यंत भर पावसात तासन्‌तास बसून राहिले. बातमी राज्यभर गेली. लोकांनी त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. आम्हाला त्या बातमीत आणखी एक गोष्ट दिसते. शहरातला सगळा पैसा पडद्यावरचे आकडे होऊन बसला होता, आणि ज्या पैशाला हात लावता येत होता तो एका टपावर भिजत होता.

[दृश्य: बाजारपेठ. बंद एटीएमच्या शटरवर पुराच्या पाण्याची पुसट रेघ.]

वीज गेली. मोबाइलचे टॉवर गेले. बाजारातली एटीएम पाण्याखाली. बँकांच्या तळमजल्यावरच्या शाखांत चिखल. वाशिष्ठीवरच्या जुन्या पुलाचा भाग खचला, मुंबई-गोवा महामार्ग तुटला, कोकण रेल्वेच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. खात्यात लाख असोत की हजार, त्या दिवसांत दोन्हींची किंमत सारखीच झाली होती. माणसं गेली, दुकानं गेली, काही व्यापारी अजून सावरलेले नाहीत.

[दृश्य: काकूंचं अंगण. काकू हातवारे करत सांगताहेत. आवाज थेट ठेवावा.]

पाणी ओसरलं तेव्हा मागे गुडघाभर गाळ होता. चिकट, डिझेलच्या वासाचा. त्या आठवड्यात पैसे कशाकशाला लागले ते काकू आजही बोटांवर मोजून सांगतात. पिण्याच्या पाण्याचे कॅन. मेणबत्त्या, काडेपेट्या. पंपाला डिझेल. काकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, त्याही खेर्डीच्या पुढे जाऊन आणलेल्या. रिक्षावाला म्हणेल ते भाडं. आणि सगळ्यात जास्त पैसे गेले ते गाळ उपसणाऱ्या मजुरांना. मजुरी संध्याकाळी हातात. फोन बंद, क्यूआरचा स्टिकर गाळाखाली, उधारी कोण कोणाची ठेवणार?

मदतही आली. संस्थांचे ट्रक आले, पोळी-भाजीची पाकिटं आली, सरकारचं सानुग्रह अनुदान जाहीर झालं. पण फुकट मिळालेल्या बिस्किटांनी औषधाच्या दुकानातलं बिल भागत नाही.

[दृश्य: भाच्याच्या मोबाइलमधली चित्रफीत, 2021. परातीत गढूळ पाणी, त्यात नोटा.]

ही फीत आम्हाला काकूंच्या भाच्याने दिली. रस्ता सुरू झाल्यावर तो पुण्याहून आला. त्याचा फोन चार्ज केलेला होता म्हणून हे चित्रण झालं. काकूंचे पैसे तेव्हा माळ्यावर नव्हते, कपाटाच्या खालच्या कप्प्यात साड्यांच्या घडीत होते. कपाट आडवं झालं, साड्यांचा लगदा झाला, आणि लगद्याच्या पोटात हे बंडल.

बघा, काकू काय करताहेत. ओल्या बंडलाच्या नोटा त्या ओढून सुट्या करत नाहीत. ओली नोट ओढली की कोपरा हातात येतो. आधी रबर कापलं, ताणलं नाही. मग अख्खं बंडल परातीतल्या स्वच्छ पाण्यात सोडलं. गाळ सुटायला वेळ द्यायचा. पाणी तीनदा बदललं गेलं. आता पाण्यातच, कडेकडून, अंगठ्याने हलकेच एकेक नोट सरकवायची. आपली नोट कापसापासून केलेल्या कागदाची असते, म्हणून हे जमतं. वहीचं पान असतं तर केव्हाच विरघळलं असतं.

[दृश्य: त्याच फितीत पुढे. जुन्या सुती लुगड्यावर मांडलेल्या नोटा.]

मग हे लुगडं. वर्तमानपत्र नको, त्याची शाई नोटेला लागते. नोटा लुगड्यावर मांडायच्या, दुसऱ्या पदराने टिपायच्या, चोळायच्या नाहीत. इस्त्रीचा मोह टाळायचा. वीज नव्हती म्हणून तो आपोआप टळला! उडू नयेत म्हणून वर वाट्या. जांभळट शंभर, पिवळी दोनशे, निळसर पन्नास, आणि तेव्हा चलनात असलेली गुलाबी दोन हजारांची. रंग ओळखू येतात, पण सगळ्यांवर गाळाची एकच छटा आहे.

इथे एक नियम सांगून ठेवतो, कारण पुरानंतर तो फार थोड्यांना ठाऊक असतो. फाटकी नोट फुकट जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कोणत्याही बँकेच्या शाखेत ती बदलून मागता येते, तिथे तुमचं खातं नसलं तरी. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा सलग तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा 80 टक्क्यांहून मोठा सलग तुकडा असला तर पूर्ण किंमत, 40 ते 80 टक्के असला तर निम्मी, त्याखाली काही नाही. म्हणून तुकडे टाकून द्यायचे नाहीत आणि घरी चिकटपट्टी लावून दोन नोटांची एक करायची नाही. अगदी जळलेल्या, हात लावताच भुगा होणाऱ्या नोटा मात्र रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच न्याव्या लागतात. आपल्या राज्यात ती सोय मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहे.

बँकेच्या खिडकीवर कॅमेऱ्याला परवानगी मिळाली नाही. तेव्हा तो भाग एवढ्यावरच.

[दृश्य: पुन्हा आजचं घर. डब्याची जागा, माळ्याच्या तुळईजवळ.]

तेव्हापासून डबा माळ्यावर. पण सगळा पैसा एकाच डब्यात नाही. थोडे पैसे दाराजवळच्या खुंटीवरच्या पिशवीत असतात, कागदपत्रांच्या झेरॉक्स, विजेरी आणि गोळ्यांच्या पाकिटाबरोबर. घर सोडायची वेळ आली तर माळ्यावर चढायला सवड मिळेलच असं नाही.

तिजोरी का नाही, असं आम्ही विचारलं. काकूंनी उत्तर न देता कपाटाच्या दारावरचा गंज दाखवला.

[दृश्य: बचत गटाची बैठक. पत्र्याची पेटी, वही, अंगठ्याची शाई.]

शेजारच्या वाडीतला हा महिला बचत गट. गटाचे पैसे बँकेत असतात, पण मे संपताना थोडी रक्कम हातशिल्लक म्हणून पेटीत ठेवायची असा ठराव या बायकांनी केला आहे. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. पुरात कोणाच्या घरात पाणी शिरलं तर त्याच दिवशी उचल. व्याज लावायचं की नाही यावर या बैठकीत बराच वाद झाला. तो आम्ही पूर्ण चित्रित केला, इथे थोडाच दाखवतो आहोत. ठरलं असं, की गाळ निघेपर्यंत व्याज नाही.

[दृश्य: मोबाइलचा पडदा. फिरत राहिलेलं चक्र. चहाची टपरी.]

हे सारं पुराच्या गावापुरतं आहे असं वाटत असेल, तर 12 एप्रिल 2025 आठवा. ना पूर, ना वादळ. यूपीआय देशभर अडखळलं आणि चहाच्या टपरीवर माणसं फोन हलवत उभी राहिली. त्याच महिन्याच्या 28 तारखेला स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, कार्डाची यंत्रं मुकी झाली. पाठोपाठ मे महिन्यात नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने नागरिकांना सांगितलं की घरात दर प्रौढामागे 70 युरो आणि दर मुलामागे 30 युरो रोख असू द्या, तीन दिवसांच्या गरजेपुरते. श्रीमंत, सपाट, डिजिटल देश. त्यांनीही घरातली माणसं मोजूनच आकडा काढला.

काकूंचा साडेआठ हजारांचा आकडा असाच आला आहे. दूध, भाजी, औषधं, एक सिलिंडर, कराडपर्यंतचं गाडीभाडं, दोन मजुरांची दोन दिवसांची मजुरी. तुमच्या घरचा आकडा वेगळा येईल. घरात रोकड किती ठेवावी याला कायद्यात कमाल मर्यादा नाही. पैसा कुठून आला ते मात्र सांगता आलं पाहिजे.

चोरीची भीती आहेच. आणि 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री घराघरांतले पाचशे-हजारांचे डबे उघडे पडले, बायकांना नवऱ्यांसमोर हिशेब द्यावा लागला, तेही कोणी विसरलेलं नाही. दहा-वीसच्या नोटांना तेव्हा कोणी हात लावला नव्हता, एवढंच इथे नोंदवतो.

[दृश्य: मच्छी बाजार. सकाळ. बर्फ, टोपल्या, गर्दी.]

राहिला प्रश्न दहा-वीसच्या नोटा आणायच्या कुठून. रिझर्व्ह बँकेने 2025 च्या एप्रिलमध्ये बँकांना सांगितलं की एटीएममधून शंभर किंवा दोनशेच्या नोटा मिळाल्याच पाहिजेत, आधी 75 टक्के यंत्रांत आणि मग 90 टक्के. बरं झालं. पण शंभराच्या खाली एटीएमचा उपयोग नाही, आणि बँकेत दहाचं बंडल मागितलं की खिडकीमागचा माणूस वर बघतो.

काकूंचा रस्ता वेगळा आहे. एक जूनपासून समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होणार, म्हणून या आठवड्यात बाजाराला तुफान गर्दी असते आणि मासेवाल्या मावशींच्या कमरेच्या पिशव्या सुट्ट्यांनी फुगलेल्या असतात. काकू पाचशेची नोट पुढे करतात. मावशी ती उलटून-पालटून बघतात, उजेडात धरतात. सुट्टे आहेत, म्हणतात. पण बांगडे घेतल्याशिवाय मिळणार नाहीत.

[दृश्य: घासाघीस. आवाज थेट ठेवावा, निवेदन नाही.]

सहा बांगडे, आणि उरलेल्या सगळ्या नोटा दहा-वीसच्या. त्यातल्या दोन काकूंनी परत केल्या, ओल्या होत्या म्हणून.