सोयाबीनचे दही आणि कच्च्या केळीचे पीठ

भगिनींनो आणि मित्रहो,

आंबवणे खान्देशातल्या घरांना नवे नाही. बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी तीन-तीन दिवस भिजत पडते, तिला आंबूस वास सुटतो आणि मगच तिचा घाटा शिजतो. आज त्याच कामाविषयी, पण सोयाबीनच्या बाबतीत, बोलायचे आहे.

सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असूनही ते आपल्या ताटात रुळले नाही, कारण त्याचा वास उग्र आणि पचनी पडताना वात फार. दाणा पाण्यात वाटला जाताच त्यातले एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करू लागते व तो वास निर्माण होतो; म्हणून भिजलेले दाणे उकळत्या पाण्यात टाकून मगच वाटावेत आणि त्यांचे दूध पंधरा-वीस मिनिटे चांगले उकळावे, म्हणजे प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटकही बहुतांशी निष्प्रभ होतात. वाताचे मूळ मात्र रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांत आहे. त्या तोडणारे विकर आपल्या लहान आतड्यात नाही, पण काही लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम जिवाणूंकडे ते असते. जी शर्करा आपल्याला त्रास देते, तीच त्यांचे अन्न होते. शिवाय सोयाबीनमध्ये साखरेला जखडलेली जेनिस्टीन व डेडझीन ही वनस्पतिजन्य द्रव्ये (आयसोफ्लेव्होन) हे जिवाणू मोकळी करतात.

इथे घरचे विरजण पुरेसे पडत नाही. ते गाई-म्हशीच्या दुधातल्या लॅक्टोज या साखरेवर पोसलेले असते आणि सोयाबीनच्या दुधात लॅक्टोज मुळीच नसते. त्यातले काही जिवाणू तग धरतात, काही धरत नाहीत, आणि दही कधी लागते, कधी नुसतेच निवळ सुटून बसते. म्हणून जिवाणूंची निवड जाणीवपूर्वक करावी लागते.

आता या जिवाणूंचे अन्न होणाऱ्या, न पचणाऱ्या तंतूंकडे वळू. 'प्रीबायोटिक' ही संज्ञा गिब्सन आणि रॉबरफ्रॉईड यांनी १९९५ साली मांडली. आपण पचवू शकत नाही, पण आतड्यातले हितकारक जिवाणू ज्यावर वाढतात, असे अन्न म्हणजे प्रीबायोटिक. कांदा-लसणातले इन्युलिन हा तंतू त्याच जातीचा. आपल्या जळगावच्या कच्च्या केळीतला न पचणारा स्टार्चही मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचून जिवाणूंच्या कामी येतो. पहिल्यांदा मी या केळीचे पीठ सोयाबीनच्या दुधात घालूनच उकळले. भांड्याच्या तळाशी खळीसारखा थर धरला, आणि ज्या स्टार्चसाठी सारा खटाटोप केला होता तोच शिजून पचण्याजोगा झाला. थंड दुधात घालावे, तर न उकळलेल्या पिठातले नको ते जिवाणू विरजणाशी स्पर्धा करतात. म्हणून माझे मत असे झाले आहे की दुधात उकळताना इन्युलिन घालावे, कारण ते ती उष्णता सोसते. आणि कमी तापमानावर वाळवलेले केळीचे पीठ खाताना, लागलेल्या दह्यात कालवावे.

विक्रीचा विचार करणाऱ्या गटांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येनुसार प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. दर ग्रॅममागे दहा लाख ते एक कोटी, हा त्या प्रमाणाचा रूढ अंदाज. आणि तो दही लावताना नव्हे, तर ते खाण्याच्या दिवशी भरला पाहिजे. बिबड्या उन्हात वाळतात, तेलात तळल्या जातात. आंबण्यातून आलेली चव त्यांत उरते, पण जिवाणू मरतात. सोयाबीनच्या दह्याची कढी केली तरी तेच होते. ते दही कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसोबत थंडच वाढावे.