गिरगाव: टेकूवरचे मजले

चर्नी रोड स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की समोर येतं ते रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं. बालगंधर्व इथे गायले. पुढे नाटकाचं सिनेमा थिएटर झालं आणि १९९३ ला कुलूप लागलं, ते २०१६ पर्यंत. मालक एकच, गोंडलचं राजघराणं. त्यांनी मनावर घेतलं आणि पडदा पुन्हा वर गेला.

इथून आत वळलं की मालक एक आणि बिऱ्हाडं शंभर.

ही केशवजी नाईकांची चाळ. १८९३ पासून इथे सार्वजनिक गणपती बसतो, मुंबईतला पहिला. १९०१ मध्ये टिळक येऊन गेले. मूर्ती आजही लहानच, आणि पालखीतून जाते. उत्सवाला मोकळा चौक लागतो, आणि चौकाकडे तोंड करून असलेली गॅलरी. आरतीला कोणी आलं नाही, तर ते गॅलरीतूनच कळतं!

या गॅलरीला वारसा यादीत जागा मिळणं कठीण. पागडीची घरं, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे आणि पुढे तुटपुंजं भाडं, मग डागडुजी करणार कोण? मजल्याखाली लाकडी टेकू लागतात. पावसाळ्याआधी घर रिकामं करायची नोटीस येते. ‘पुनर्विकास’ हा शब्द इथे पोरांनासुद्धा पाठ आहे, आणि तोवर राहायची तात्पुरती जागा, ‘संक्रमण शिबिर’, हाही.

खोताच्या वाडीत बाहेरून जिने असलेली लाकडी घरं अजून टिकून आहेत, दर काही वर्षांनी एखादं कमी होतं. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली जिथे लागला, ते मॅजेस्टिक सिनेमा तर केव्हाच गेलं. तिथे आता शॉपिंग सेंटर आहे.

जगन्नाथ शंकरशेट मार्गाखालून ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो धावते. तिच्या स्टेशनासाठी काही चाळी पडल्या. तिथल्या लोकांना घरं गिरगावातच द्यायची, असं ठरलं. हे ‘गिरगावातच’ महत्त्वाचं, कारण आधीच्या कित्येक पिढ्या डोंबिवली-विरारला गेल्या त्या गेल्याच.

नाही म्हणायला, एक दिवस येतात. गुढीपाडव्याला फडके गणपती मंदिरापासून शोभायात्रा निघते. नऊवारी, फेटे, ढोल-ताशे. जुन्या चाळीच्या जागी उभ्या टॉवरखाली थांबून कोणी तरी नातवाला बोट वर करून दाखवतं, “आमची खोली तिथे होती, दुसऱ्या मजल्यावर.”

नातू वर बघतो. दुसऱ्या मजल्यावर पार्किंग आहे.